लवूचं बाकडं

लवूने जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून काम केलं. स्वतःची होडी एकच, तीही शेवटी कुजली. तिच्यातल्या चांगल्या राहिलेल्या फळ्यांचं त्याने बाकडं केलं आणि अंगणात समुद्राकडे तोंड करून ठेवलं. आम्ही चौघांनी ते उचललं होतं. मला विचाराल तर चौघेही कमी पडले. मी बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलण्यात आयुष्य घालवलं, तेव्हा वजनाबद्दल उगाच बोलत नाही.

आमच्या गावात शिमग्याला होळीसाठी लाकडं चोरायची रीत आहे. पडवीत पाय ठेवायचा नाही, पण अंगणात असेल ते उचलायचं. होळीवर गेलेली वस्तू परत मागायची नाही. भांडलात तर पुढल्या वर्षी कुंपणही जातं. चोरांचा म्होरक्या सागर. चाळिशीचा बाप्या, मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो आणि शिमग्याची रजा खास याच कामासाठी घेतो.

यंदा गावात आला तसा तो बाकड्यावर येऊन बसला. फळीवर टकटक केलं.

"काका, सुकं लाकूड हाय."

"ऊठ मेल्या! माझी होडी हाय ती."

"मग पेटेल बरी. तेल प्यायलीय."

लवूने बाकडं साखळीने शेवग्याला बांधलं. मी म्हटलं, शेवगा म्हणजे झाड नव्हे, भाजी. साखळी कितीही जाड असू दे, कोयत्याचे दोन घाव शेवग्यावर बसले की काम झालं. मग बाकडं पडवीत न्यायचं ठरलं. पायऱ्या उंच, उचलायला गडी हवेत, आणि दणकट गडी सगळे सागरच्या टोळीत. शेवटी लवू जेवायलाही बाकड्यावरच बसू लागला. त्याची बायको सत्यवती ताट आणून आदळायची.

"आंघोळीचं पाणीपण इथेच आणू काय?"

होळी पेटायच्या आधी देवीची पालखी वाडीत घरोघर फिरते. पुढच्या दांडीला सागर होता. भर दुपार, खांदा सोललेला. अशा वेळी माणूस फक्त सपाट, पक्की जागा शोधतो. लवूच्या अंगणात रांगोळी होती. मधे काहीतरी लांबट, सत्यवतीच्या लग्नातल्या शालूने झाकलेलं.

"टेका रे, टेका. दमलात असाल," लवू फार गोड आवाजात म्हणाला.

पालखी टेकली. बाकडं जरासुद्धा हललं नाही. सत्यवतीने देवीची ओटी भरली. तेवढ्यात वाऱ्याने शालूचा पदर उडाला आणि सागरला खालची फळी दिसली.

"काका, हे बाकडं?"

"मघापर्यंत होतं. आता देवीचं आसन. जाळतोस काय?"

मागचे भोई हसून वाकले. सागरने बाकड्याला हात जोडले.

"नाय जाळत. पण आसनावर माणसाने बसायचं नाय हां, काका."

लवूचं तोंड बघण्यासारखं झालं. सत्यवती तर रोज बाकड्यावर जास्वंद ठेवू लागली. लवूने जांभा दगडाचा एक चिरा आणून शेजारी ठेवला. जळत नाही, कोणी नेत नाही, एकट्याला उचलवतो. त्यावर बसून तो समुद्र बघायचा आणि कंबर चोळायचा.

मुंबईची गाडी पकडायच्या आधी सागर निरोप घ्यायला येऊन गेला. तो गेला आणि लवू बघतो तर चिऱ्यावर हळदकुंकू.

लवूने घरात डोकावून पाहिलं. सत्यवती चुलीपाशी होती. त्याने चिऱ्याला नमस्कार केला, जास्वंद जरा बाजूला सरकवलं आणि बाकड्याच्या एका टोकाला बसला. बाकीची जागा देवीला सोडून.