अंब्रेलाच्या आधीचा 'न'

दुसरीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा 'अ‍ॅनबाई' म्हणायची. 'अ' कुठे आणि 'अ‍ॅन' कुठे, हे त्या मुलांकडून म्हणून घेऊनच शिकवायच्या. "अक्षर बघू नका रे, कान द्या," हे त्यांचं पालुपद. 'अ अंब्रेला' म्हटलं की जीभ अडखळते, मध्ये 'न' घातला की गाडी सुरळीत चालते. मुलं मुद्दाम अडखळायची, खिदळायची आणि शिकायची.

त्या वर्षी मुख्याध्यापक पाहणीसाठी मागच्या बाकावर येऊन बसले. दोन वेण्यांची एक मुलगी उठून म्हणाली, "अ अंब्रेला."

"शाबास," बाई म्हणाल्या. "आता सगळे म्हणा."

सगळा वर्ग तालात तेच म्हणाला. बाईंनी समाधानाने मान डोलावली. मुख्याध्यापक खाली बघत राहिले.

तास संपल्यावर त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, मुलांनी 'न' म्हटलाच नाही."

"म्हटला की, सर."

"नाही म्हटला. एक पालकही मागे हेच सांगून गेले होते. मीच मनावर घेतलं नाही."

बाईंचा चेहरा उतरला. मुलांनी जे म्हणायला हवं, तेच त्या आपल्या मनाने ऐकत होत्या.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हल्ली हाका मारून घसा बसतो माझा. मला वाटायचं, तू रागावली आहेस."

डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं. घरात ते बरं चाललं. वर्गात मात्र बाक सरकल्याचा, पंख्याचा, दप्तरांच्या चेनचा आवाज डोक्यात घण घालायचा आणि मुलांचे शब्द त्यात बुडून जायचे. मग बाई मुलांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. 'न' म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकते. पण निम्म्या वर्गाचे पुढचे दात पडलेले, कुणाची जीभ कुठे जाते काही कळेना. एकाला त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. तो रडवेला झाला.

"बाई," त्याच्या शेजारची मुलगी मोठ्याने म्हणाली, "तो बरोबरच म्हणतोय."

त्याच दिवशी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. "वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्या, सर. उगाच लेकरांना रडवतेय मी."

त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण बाईंना थांबवलं नाही.

आता बाई शाळेचं वाचनालय सांभाळतात. परवा दुसरीची नवी शिक्षिका तिथे आली. "ते अडखळणं मुलांना कसं दाखवायचं, बाई?" तिने जवळ येऊन, सावकाश विचारलं. बाईंनी सगळं हौसेने समजावलं. तिने दोन्ही प्रकार म्हणून दाखवले.

"असंच ना?"

बाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. "परत म्हण."

तिने परत म्हटलं.

"सरांना म्हणून दाखव एकदा," बाई म्हणाल्या, आणि समोरच्या पुस्तकाला कव्हर घालायला लागल्या.