अप्पांची करडगी

अप्पांना माती दिली तेव्हा त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. आमच्या लिंगायतांत तसंच असतं. मागं राहिली ती लिंग ठेवायची चांदीची डबी, करडगी. आजोबांनी घडवलेली, अप्पांनी जन्मभर गळ्यात घातलेली, रोजच्या भस्मानं कोपरे पांढुरके झालेली. तिच्यावरून माझ्या दोन भावांनी तीन महिने एकमेकांशी बोलणं टाकलं.

अण्णा थोरला, त्याचं किराणा दुकान. तो म्हणे, थोरल्याचा मान आहे. दादा गिरणीत होता. शेवटच्या आजारपणात अप्पांचं सगळं त्यानं केलेलं. तो म्हणे, हगणं-मुतणं काढताना थोरला कुठं होता? खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं, म्हणून जास्त डोकं फिरायचं.

अव्वानं, आमच्या आईनं, आपल्या परीनं तोड काढली. "दोगं समजुतीनं ठरवूस्तवर तुझ्याकडं ठेव," म्हणाली नि करडगी माझ्या हातात दिली. भाऊ आपापल्या बिऱ्हाडी, अव्वाजवळ मी एकटी. मग काय, आज अण्णा येऊन बघून जायचा, उद्या दादा. माझ्या पेटीची झडती रोजची. मी बहीण कसली, कुलूप झाले होते.

अशात माझी ऑर्डर आली. प्राथमिक शाळेत शिक्षिका, सांगोल्याकडच्या एका गावात, पंधरा दिवसांत हजर व्हायचं. मोठा दुष्काळ नुकताच सरलेला, नोकऱ्या काय झाडाला लागत होत्या? दोन वर्षं मी त्या कागदासाठी पोस्टमनची वाट बघितली होती.

"जा की खुशाल," अण्णा म्हणाला. "करडगी माझ्याकडं दे नि जा."

दादाला कळलं तसा तो धावत आला. "त्याला दिलीस तर या घराची पायरी चढणार न्हाई मी."

अव्वानं डोळ्याला पदर लावला. "पोरी, माझी लेकरं तुटतील गं. मिटवून जा."

मिटवून जा. तीन महिन्यांत जे मठातल्या स्वामींना जमलं नाही, भावकीला जमलं नाही, ते मी पंधरा दिवसांत मिटवायचं होतं. त्यातले नऊ गेले.

दहाव्या दिवशी, सोमवारी, पूजेला बसले आणि डोक्यात लख्ख पडलं. लिंग तर माझ्याही गळ्यात होतं. आमच्यात बायकाही लिंग बांधतात, माझं साध्या पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेलं असायचं. ते मी सोडलं, करडगीत ठेवलं आणि करडगी गळ्यात घातली. लिंगासकट गळ्यातलं काढून दे, असं आमच्यात कुणी कुणाला म्हणत नाही. ना थोरल्याला, ना धाकट्याला. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूष झाले की लगेच पेटी भरायला घेतली.

दोघांना बोलावलं. दोघांनी बघितलं. मला वाटलं, आता आभाळ कोसळतंय. पण अण्णा शांतपणे म्हणाला, "हे बरं केलंस." दादानं मान हलवली.

"मग मी परवा निघते," मी म्हटलं.

"निघते कुटं?" अण्णा म्हणाला. "आजोबांपासून ही करडगी या घराबाहेर ऱ्हायला गेली न्हाई. आता ती तुझ्या गळ्यात हाय."

"आणि अव्वाला कोण?" दादा म्हणाला. "अप्पांनी तिला सोडून एक रात मुक्काम केला न्हवता की."

कालपर्यंत करडगी आपापल्या बिऱ्हाडी न्यायला भांडणाऱ्या दोघांचं तीन महिन्यांत पहिल्यांदा एकमत झालं, ते माझ्यावर. मी अव्वाकडं बघितलं. ती चहा टाकायला उठली होती.

करडगी काढून फेकावीशी वाटली. पण काढली की दोघं पुन्हा एकमेकांच्या उरावर बसणार आणि अव्वा पुन्हा रडणार. आगीतून निघाले ती फुफाट्यात पडले, तीही स्वतःच्या पायानं. पंधरावा दिवस मी ज्वारी निवडण्यात घालवला.

त्या रविवारी दोघं जेवायला आले. पोटभर जेवले, खदाखदा हसले आणि जाताना दादानं अण्णाला आपल्या सायकलवर डबलसीट घेतलं. अव्वा दारात उभी राहून बघत होती, तोंडावर केवढं समाधान. मी तिच्या मागं उभी होते. त्या दोघांना पुन्हा वैरी केल्याशिवाय मला तिथून सुटता येणार नव्हतं, आणि तेवढा वाईटपणा माझ्यात नव्हता.