उत्तर अजून यायचंय

माझी धाकटी बहीण दुभाषी आहे. आमच्या नदीकाठच्या पाच देशांची मिळून एक परिषद आहे. तिथे काचेच्या खोलीत बसून ती परक्यांचं बोलणं आमच्या भाषेत सांगते. लहानपणापासून तिची एक खोड: समोरच्याला काय म्हणायचंय ते कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. लग्नाला होकार देतानाही तिने जावईबापूंना तासभर ताटकळत ठेवलं होतं.

जावईबापू नदीवर फेरीबोट चालवतात. मागच्या वर्षी परिषदेने ती बंद करायचं ठरवलं. का, कुणी ठरवलं, काही पत्ता नाही. आम्ही निवडून दिलेले सदस्यही कानावर हात ठेवत होते.

"अगं, तू तिथेच असतेस. विचार ना त्यांना," जावईबापू म्हणाले.

"अहो, मी विचारायचं नसतं. सांगायचं असतं."

"घरी बरी विचारतेस!"

शेवटी आमच्या सदस्यबाईंनी भर सभेत सचिवांना विचारलं, "बोट बंद करायचा निर्णय कुणी घेतला?"

जावईबापू आणि मी प्रेक्षकांत बसलो होतो, हेडफोन लावून. सचिव बोलू लागले. हात हलत होते, चष्मा वरखाली होत होता. आमच्या कानात मात्र शुकशुकाट. मला आधी वाटलं, माझ्याच कानांचा दोष. मग बघतो तर आसपासचे सगळे हेडफोनवर टिचक्या मारतायत.

अध्यक्षांनी सचिवांना थांबवलं. "यंत्र बिघडलं का?"

काचेआडून बहिणीचा गोंधळलेला आवाज आला. "नाही साहेब. उत्तर अजून यायचंय. आलं की लगेच सांगते."

तिला टोमणा मारायचा नव्हता, ती खरोखरच वाट बघत होती. पण सभा खो खो हसली. सचिवांचे कान लाल झाले. मग ते दोनच वाक्यं बोलले आणि तिने ती झटक्यात सांगितली: "निर्णय आम्ही चौघांनी बंद दाराआड घेतला. सदस्यांना विचारलं नाही."

सदस्यांनी तो निर्णय तिथेच रोखला. उघड चर्चा होईपर्यंत बोट चालू राहणार. बहिणीला मात्र वरून समज मिळाली: अर्थ लागो न लागो, बोलत राहायचं.

"जमेल का गं तुला?" मी विचारलं.

ती विचारात पडली.

जावईबापू टोपी घालत म्हणाले, "दादा, बसा निवांत. तोवर मी बोटीची एक फेरी मारून येतो."