गाडी निवेपर्यंत

बाळांनो,

आजोबांनी गाडी का विकली, असं तुम्ही मागच्या सुट्टीत विचारलंत आणि मी विषय बदलला. तेव्हा ते समोर बसले होते. आता ते नाहीत, म्हणून लिहिते.

तुमच्या आईच्या आधी आम्हांला एक मुलगी होती. एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. ती चार वर्षांची असताना तिचा घसा धरला, ताप उतरेना, श्वासाला घरघर लागली. शेजारच्या कट्टा गावचे डॉक्टर म्हणाले, "कोल्हापूरला न्या. आजच." एसटी निघून गेलेली. गावात भाड्याची गाडी एकच, आमची. आणि तिच्या इंजिनाचं वरचं झाकण, हेड, काढून अंगणात ठेवलेलं. त्याच्याखालचं गॅस्केट, सांधा गळू न देणारी पातळ चकती, जळलं होतं. नवं आदल्या दिवशीच आलं होतं.

मुलीला सासूबाईंच्या मांडीवर देऊन मी गाडीपाशी गेले. आजोबांनी हेड बसवलं आणि मी गाडीच्या इंग्रजी पुस्तकातली आकृती पाहून कुठला नट आधी, ते सांगत गेले. मधले आधी, मग आलटून पालटून दोन्ही बाजूंचे, थोडे थोडे. एकाच बाजूने आवळत गेलं तर हेड वाकतं. मग इंजिन चालवलं. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर सांधा गळतोय, म्हणून ते येतात का, ते मी बघत होते. आले नाहीत. आता इंजिन पुरतं निवू द्यायचं आणि नट पुन्हा आवळायचे, नाहीतर चढणीवर गॅस्केट पुन्हा जळतं.

शेजारचे काका विहिरीची कळशी घेऊन धावत आले. "ओत रे ह्या वरसून, आत्ता निवात!"

"नको काका, लोखंड तडकात," आजोबा म्हणाले.

"पोर तापान फणफणता आणि तू लोखंडाक जपतस?" सासूबाई आतून ओरडल्या.

"आये, घाटात गाडी बंद पडली तर तिका घेवन खंय जाव?"

ते हेडला हात लावून बघत, आत येऊन मुलीच्या कपाळाला लावत, पुन्हा बाहेर जात. दुपार कलली तेव्हा पाना हातात घेतला. दोन नट खरंच थोडे फिरले. लगेच निघालो.

फोंडाघाटच्या बाजारात, चढण लागायच्या आधी, ते पाणी बघायला उतरले. माझ्या मांडीवरची घरघर थांबली होती. उघड्या बॉनेटमागून त्यांचा आवाज आला, "एक बुडबुडो नाय गो! आता चढतली."

ते दाराशी आले आणि त्यांनी पाहिलं.

गाडी तिथूनच परत फिरवली. गाडी निवायची वाट न बघता निघालो असतो तर मुलगी वाचली असती का, हे त्यांनी पुढे डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. महिन्याभरात त्यांनी गाडी विकली. ती घेणारा भेटला की सांगे, हेड कधी गळलं नाही.

मुलीचा फोटो काढलेला नव्हता. तिचा एक पिवळा परकर माझ्या कपाटात आहे.