पहिला नंबर पल्लवीचा

तिच्या दहाव्याला पिंडाजवळ आलेला कावळा मी उडवला.

हिंगणीत अजून बोलतात म्हणे लोक. बोला. हो, मीच तो.

आज पल्लवीला जाऊन वर्ष झालं. सायबर कॅफेत बसून टाइप करतोय. मागे कोणीतरी उभं राहून वाचतंय. वाच बाबा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

फर्स्ट इयरला आमचा तिघांचा ग्रुप होता. मी, मंग्या आणि पल्लवी. कॉलेज वर्ध्यात, ती हिंगणीहून एसटीनं यायची. वेड एकच, नवीन कॅसेट. मेन रोडवरच्या दुकानात नवीन माल आला की तिघांत मिळून एक घ्यायची.

माल यायचा संध्याकाळी. तोवर तिची बस गेलेली असायची. म्हणून पहिला नंबर मंग्याचा, मग माझा, शेवटी तिचा.

आणि एक रूल होता. तो तिनंच काढलेला.

ऐकून झाली की रिवाइंड करायची नाही. जे गाणं सगळ्यात आवडलं, त्याच्या सुरुवातीला टेप थांबवून कॅसेट पुढच्याला द्यायची. तोंडानं काही सांगायचं नाही. प्ले दाबा, कळेल.

तिच्याकडून कॅसेट परत माझ्याकडे यायची. सिंदी मेघेला घरी जाऊन दार लावायचो आणि प्ले दाबायचो.

टीव्हीवर दिवसभर चालणाऱ्या गाण्यावर तिनं कधीच थांबवली नाही. तिचं गाणं म्हणजे बहुतेक बी साइडचं, शेवटून दुसरं. ज्याला कोणी कुत्रं विचारत नाही असलं.

माझी मात्र नेहमी रडक्या गाण्यावर थांबलेली.

"तुले हेच काऊन आवडते रे? घरी कोणी मेलं का तुह्या?" पल्लवी विचारायची.

काय सांगणार? ती गाणी मी तिच्यासाठीच थांबवत होतो.

तिला कळलंच नाही. तिला वाटायचं, याची चॉइसच भंगार आहे.

मग बातमी आली की आमच्या आवडत्या गायकाचा कितीतरी वर्षांनी नवीन अल्बम येणार. पल्लवी स्टँडवर म्हणाली, "या टायमाले पहिला नंबर माहा. सील मीच फोडन."

"अन् बस?" मंग्या म्हणाला.

"सोडन एक दिवस बस. बाबाले सांगन, प्रॅक्टिकल हाये."

अल्बम लांबला.

तिला ताप आला. आम्हाला वाटलं तापच आहे, उतरेल.

उतरला नाही.

दहाव्याला मी आणि मंग्या बोर नदीवर गेलो. सगळ्यांच्या मागे उभे. तिच्या घरच्यांना आमची नावंसुद्धा माहीत नव्हती.

कावळा शिवेना. झाडावरून खालीच येईना.

तिचे बाबा हात जोडून एकेक बोलत होते. "तुह्या भावाले शिकवतो. तुह्या आईले जपतो. अजून काय राह्यलं माय तुहं?"

काय राहिलं ते त्या काठावर आम्हा दोघांनाच ठाऊक.

मंग्यानं माझं मनगट दाबलं. "गप राय बे. पोरीचं नाव खराब होईन."

बरोबर बोलत होता तो.

तेवढ्यात कावळा उतरला. पिंडापासून हातभर. मान वाकडी करून बघत राहिला. शिवेना.

माझ्यानं राहवलं नाही. जिवाच्या आकांतानं ओरडलो.

"पल्लवी, पहिला नंबर तुहाच! सील कोणी नाई फोडणार!"

कावळा उडाला. सरळ नदीपार.

तिचा काका धावून आला. "कोन व्हय बे तू? चारचौघांत पोरीचं नाव घेतं?" कानाखाली बसली. मीही धरलाच असता त्याला, पण मंग्यानं ओढत नेलं. मागे गुरुजी दर्भाचा कावळा करत होते.

त्यानंतर मी कॉलेजची पायरी चढलो नाही. घरचे विचारून विचारून थकले.

अल्बम परवा आला.

दुकानदार म्हणाला, "सीडी घे ना बे, कॅसेट कोन घेते आता?" त्याच्याशीही भांडलो. पण कॅसेटच घेतली.

आज दुपारी ती घेऊन हिंगणीला गेलो. वर्षश्राद्धाचे पाहुणे जेवून गेलेले. तिचे बाबा घरासमोरच्या त्यांच्या किराणा दुकानात एकटेच बसले होते. टेपवर भजन हळू चालू.

बराच वेळ बघितलं माझ्याकडे.

"तूच न तो? कावळा उडवणारा?"

"हो काका."

"कायचा पहिला नंबर?"

सगळं सांगितलं. बस, स्टँड, प्रॅक्टिकल, सगळं. हाकलतील असंच वाटत होतं.

त्यांनी भजनाची कॅसेट काढली. माझ्या हातातली घेतली. वरचा प्लास्टिकचा कागद त्यांना निघेना. नखानं नाही, दातानं नाही. मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. तिच्या नावानं मीच फोडतो."

कागद निघाला. कॅसेट लागली. ए साइड संपेपर्यंत ऐकत बसलो. मधे एक बाई साखर घ्यायला आली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं.

बटन खटकन वर आलं.

"कशी वाटली असती तिले?"

खोटं बोलवेना. "बोर झाली असती काका. म्हटली असती, एकच चाल पाच गाण्यांत कोंबली बुढ्यानं."

ते खुदकन हसले. "घरी भाजीले बी असंच बोले ती."

मग खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरला, आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

तसंच, दुपट्ट्याआडून विचारलं, "तुले आवडे काय रे ती?"

"हो."

"तिले मालूम होतं?"

"नाई काका. ती दोस्तच समजत होती."

दुपट्टा खाली आला. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बस. दुसरी बाजू लाव."

लावली. तीही तशीच.

पल्लवी, अल्बम भंगार निघाला गं. जीव अडकवून वाट पाहावी असं त्यात काहीच नव्हतं. तुझ्या बाबांनीही पूर्ण ऐकलाय.

आता सुखानं जा.