सहपाठकाच्या हाती दिलेली पुंजी

निवृत्तीनंतर जुईनगरच्या घरी मुलांना विनामूल्य संस्कृत शिकवावे, हा संकल्प मी नोकरीभर जपला होता. विद्येचे मोल घ्यायचे नव्हते. म्हणून भविष्यनिर्वाह निधीच्या उत्पन्नावर आम्हा उभयतांचा चरितार्थ चालावा, एवढीच अपेक्षा होती.

त्या काळी सागवान लागवडीच्या योजनांचे पेव फुटले होते. आमच्या विष्णुसहस्रनाम मंडळातील एक गृहस्थ अशाच एका कंपनीसाठी ठेवी गोळा करीत. प्रत्येक एकादशीला ते माझ्या शेजारी पाठाला बसत. झाडे एकदा पाहून येऊ या, असे पत्नीने सुचवले. परंतु सहपाठकाची परीक्षा घेणे मला अनुचित वाटले. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त त्यांनीच काढला. निधीच्या साऱ्या रकमेचा, देवापुढे ठेवलेला धनादेश मी फूल वाहून त्यांना दिला, आणि त्यांनी तो मस्तकी लावला.

आरंभी व्याज आले आणि घरी मुलांचा विनामूल्य वर्गही सुरू झाला. पुढे व्याज थांबले आणि एके दिवशी कंपनीच्या वाशीच्या कार्यालयाला कुलूप दिसले. "माझेही बुडाले, गुरुजी," असे ते खालच्या स्वरात म्हणाले. मीच त्यांची समजूत घातली. त्यांच्या मनःशांतीसाठी जपही केला.

काही महिन्यांनी ते पेढे घेऊन आले. वाशीत नवी जागा घेतली होती. वास्तुशांत माझ्याच हातून व्हावी, अशी त्यांची इच्छा होती.

पत्नीने पाण्याचा पेला पुढे केला. "भाऊजी, तुमचेही बुडाले होते ना?"

"ठेव मी आधीच काढली होती, वहिनी. ठेवी आणल्याचे कमिशनही हाती राहिले. देवाची कृपा."

"कमिशन आमच्याच पैशांतले ना?"

ते पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडू लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दक्षिणेत काही कमी करणार नाही, गुरुजी."

मी येणार नाही, एवढेच सांगितले. प्रकृतीची सबब पुढे केली नाही. माणूस लोभाला बळी पडतो, हे शास्त्र मला ठाऊक होते. पण माझे सांत्वन स्वीकारताना त्यांची मान खाली होती, ते मी दुःख समजलो होतो.

घरात येणारे उत्पन्न आता उरले नव्हते. पुढच्या महिन्यापासून मी मुलांच्या पालकांना शुल्क सांगितले. कोणीही कुरकुर केली नाही. एका विद्यार्थ्याचे वडील पाकीट पुढे करीत मोकळेपणाने म्हणाले, "बरं केलंत, गुरुजी. फुकटच्या क्लासला पोरं सीरियसली घेत नाहीत."

मी पाकीट घेतले आणि मुलांना पाठ उघडायला सांगितले.