मेडलची साक्ष

सून चिंचेनं तांब्या घासायला बसली, की त्या आंबट वासानं मी थेट लढाईनंतरच्या नगरच्या कॅम्पात जातो. पट्ट्याचं बक्कल चिंचेनं असं चमकवलं होतं, की सूर्यानं डोळे मिटावेत! ब्रह्मदेशात ट्रक चालवल्याचं माझं मेडल नोंदीतून सुटलं होतं. दुरुस्तीच्या साक्षीला माझ्याच तुकडीतला सख्या आणला होता.

"सायब, ह्यानं एकट्यानं सात रणगाडे उलटवले!" आमच्या तिसगावच्या पारावर मीच मारलेली थाप सख्यानं इमानानं ठोकून दिली.

नोंद लिहिणाऱ्या साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं काय?"

मी टाचा जुळवल्या. "ट्रक चालवला, सायब. लई भ्यालो, पन रोज चालवला."

बाहेर येताच सख्या चिडला, "येड्या, एक तरी रणगाडा ठेवायचा हुतास!"

मेडल आलं. पारावर रणगाडे आता अकरा झालेत. भ्यालो ते मात्र फक्त त्या साहेबांना अन् सख्याला ठाऊक.